नगरपालिका म्हणजे सरकार की राज्य सरकारचं एक खातं?

सुमेध_वाट
मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेला विषय मांडतोय. थोडं लांब होईल.

आमचं गाव तालुक्याचं, नगरपरिषद 'क' वर्गातली. मागच्या मुदतीत सर्वसाधारण सभेत एक ठराव झाला: जकात गेल्यापासून बंद पडलेल्या जुन्या नाक्याच्या इमारतीत मुलांसाठी अभ्यासिका काढायची. इमारत नगरपरिषदेची, पैसे नगरपरिषदेचे. सत्ताधारी आणि विरोधक दोघांनी हात वर केले. आमच्याकडे असं क्वचितच होतं. तीन आठवड्यांनी कोणाची तरी तक्रार वर गेली आणि नगरपरिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हास्तरावरून ठरावाला स्थगिती आली. चौदा महिने सुनावणीच्या तारखा पडत राहिल्या. स्थगिती उठली तोवर सभागृहाची मुदत संपली होती आणि प्रशासक बसले होते. त्यांच्या काळात ती फाईल कोणी उघडली नाही. मुलं आजही एसटी स्टँडच्या दिव्याखाली वाचत बसतात.

माझा प्रश्न अभ्यासिकेपुरता नाही. आपण शाळेत नागरिकशास्त्रात शिकलो की देशात केंद्र, राज्य आणि स्थानिक असे शासनाचे तीन स्तर आहेत. केंद्राने राज्याच्या कामात हात घातला की आपले सगळे पक्ष संघराज्याच्या नावाने ओरडतात. मग राज्य हेच गावाशी करतं तेव्हा कोणीच का बोलत नाही? माझं मत असं की ज्या सभागृहाला 'हो' म्हणायचा अधिकार नाही, त्याला जाब विचारण्यातही अर्थ राहत नाही. निवडून दिलेल्या माणसाला मी जाब विचारतो, तर तो वर बोट दाखवतो, आणि ते खोटं नसतं.

राज्याने कोणते अधिकार स्वतःकडे ठेवावेत आणि कोणते सोडावेत? अनुभव सांगा.

फडताळ
छान विषय. वाचतोय.

अनुराधा_स
कायद्याच्या बाजूने थोडं लिहिते, म्हणजे चर्चेला जमीन मिळेल.

७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती १९९२ ची. पंचायतींची २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, शहरांची १ जून १९९३ पासून. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय आहेत, बाराव्या अनुसूचीत शहरांसाठी १८. लोकांना वाटतं की हे विषय घटनेने स्थानिक संस्थांना दिले. तसं नाही. अनुच्छेद २४३छ आणि २४३ब वाचा. राज्य विधिमंडळ कायद्याने हे अधिकार 'देऊ शकेल' असं लिहिलंय, 'देईल' असं लिहिलेलं नाही. शिवाय सातव्या अनुसूचीच्या राज्यसूचीत पाचवी नोंद आजही 'स्थानिक शासन' हीच आहे.

घटनेने सक्तीचं काय केलं? पाच वर्षांची मुदत, मुदत संपायच्या आत निवडणूक, राज्य निवडणूक आयोग, दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग, अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांसाठी राखीव जागा. म्हणजे सांगाडा सक्तीचा, आणि त्यात जीव घालायचा की नाही ते राज्याच्या मर्जीवर. सुमेध, तुमच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर दुर्दैवाने 'राज्याचं खातं' याच्या जास्त जवळ जातं.

विनय_खरे
आणि त्या सक्तीच्या सांगाड्याचं तरी काय झालं? मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. निवडणूक झाली १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं. नवी मुंबई, छत्रपती संभाजीनगर, कल्याण-डोंबिवली इथे तर २०२० पासूनच प्रशासक होते. घटनेत पाच वर्षांहून जास्त नाही असं स्वच्छ लिहिलेलं असताना!

कृष्णाकाठ_१
प्रशासकाच्या काळात आमच्या वॉर्डात कचरागाडी वेळेवर यायची हेही खरं आहे. नगरसेवक असताना त्यांच्या गल्लीतच आधी जायची.

लेखापाल_निवृत्त
मी स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागात नोकरी केली. बत्तीस वर्षं नगरपालिका आणि पंचायत समित्यांच्या दप्तरांत गेली. त्यामुळे माझं मत सुमेध यांच्या उलट आहे आणि ते मी जबाबदारीने मांडतोय.

कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीतून कापलेली रक्कम ठेकेदाराच्या बिलात गेलेली मी पाहिली आहे. पाणीपट्टीची वसुली तिसऱ्या हिश्शाच्याही खाली आणि त्याच वर्षी सभापतींच्या दालनाला नवं फर्निचर. एका ठिकाणी चार वर्षांची मोजमाप पुस्तकं, म्हणजे झालेल्या कामांच्या मापांच्या नोंदवह्या, 'उंदरांनी खाल्ली' असं लेखी उत्तर मिळालं. अग्रिम घेऊन त्याचा हिशेब न देता निवृत्त झालेले अधिकारी आणि पदाधिकारी किती सांगू. आस्थापना खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवा, असं शासन म्हणतं ते छळायला नाही. जवळच्यांना रोजंदारीवर भरून तो ६०-७० टक्क्यांवर नेलेल्या संस्था मी तपासल्या आहेत. पगारातच पैसा संपला तर गटार कोण बांधणार?

राज्याचा हात काढून घेतला तर पहिल्या वर्षी काय होईल ते मला आकड्यांत दिसतं. ठरावाला स्थगिती देणारं ३०८, महापालिकांसाठी ४५१, ही कलमं कोणाच्या तरी कटू अनुभवातून आली आहेत.

सुमेध_वाट
लेखापाल काका, तुम्ही जे पाहिलंत ते मी नाकारत नाही. पण हे सगळं ३०८ अस्तित्वात असतानाच झालं ना? चार वर्षांची मोजमाप पुस्तकं गायब झाली तेव्हा मुख्याधिकारी राज्याचाच होता. लेखा आक्षेप निघाले त्याचं पुढे काय झालं?

लेखापाल_निवृत्त
बरोबर पकडलंत. आक्षेप प्रलंबित राहतात. वसुलीचे आदेश निघतात, मग त्यावर मंत्रालयातून स्थगिती येते.

अनुराधा_स
काका, हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. जे हत्यार चोरी थांबवायला दिलं, तेच चोरी वाचवायलाही वापरलं जातं. कारण स्थगिती देणारा मंत्री हाही पक्षाचाच माणूस. न्यायाधीशाची जागा खेळाडूलाच दिली आहे.

मृण्मयी_टोरोंटो
इकडचा एक अनुभव. कॅनडाच्या घटनेत नगरपालिका सर्वस्वी प्रांतांच्या अखत्यारीत आहेत. २०१८ मध्ये टोरोंटोची निवडणूक २२ ऑक्टोबरला होती. उमेदवारी अर्ज भरून झाले होते, आमच्या भागातले उमेदवार दारोदार फिरत होते. आणि ऑगस्टमध्ये ऑन्टॅरिओच्या सरकारने कायदा करून प्रभाग ४७ वरून २५ वर आणले. प्रचार चालू असताना! मी ज्या बाईंसाठी पत्रकं वाटत होते त्यांचा प्रभागच नाहीसा झाला. शहर कोर्टात गेलं. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२१ ला पाच विरुद्ध चार मतांनी प्रांताच्या बाजूने निकाल दिला. एका मताचा फरक, पण निकाल तो निकाल.

म्हणजे हा आजार केवळ आपल्याकडचा नाही. संघराज्य म्हटलं की केंद्र आणि राज्य एकमेकांपासून आपापलं अंगण राखतात, आणि शहर मात्र राज्याच्या अंगणात बांधलेलं राहतं.

विनय_खरे
मृण्मयी, तुमचं एकदाच झालं. आमच्याकडे एका प्रभागातून एक नगरसेवक निवडायचा की चार, यावर किती वेळा फिरवाफिरव झाली बघा. २०१७ ला चारचा प्रभाग. २०१९ च्या शेवटी सरकार बदललं, एकचा. २०२१ मध्ये तीनचा. २०२२ मध्ये सरकार बदललं, पुन्हा चारचा. मुंबईत जागा २२७ च्या २३६ झाल्या आणि परत २२७. प्रत्येक वेळी नवी प्रभागरचना, नवे नकाशे, नव्या हरकती, आणि निवडणूक पुढे.

कृष्णाकाठ_१
पण निवडणूक थांबली ती ओबीसी आरक्षणामुळे ना?

अनुराधा_स
दोन्ही कारणं गुंतलेली आहेत. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ओबीसी आरक्षणासाठी समर्पित आयोग, संस्थानिहाय माहिती आणि एकूण ५० टक्क्यांची मर्यादा या तीन अटी पाळा. त्यातून बांठिया आयोग आला, जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने त्यानुसार निवडणुका घ्यायला सांगितलं. पण तेवढ्यात प्रभागरचनेचा नवा कायदा, त्यावर नव्या याचिका. शेवटी ६ मे २०२५ ला न्यायालयाने चार आठवड्यांत अधिसूचना काढा म्हटलं, तेव्हा गाडी हलली. सामाजिक न्यायाचा प्रश्न खरा होता आणि तो सोडवायलाच हवा होता. पण माहिती वेळेत गोळा केली असती तर लाखो मतदारांना चार-चार वर्षं नगरसेवकाविना राहावं लागलं नसतं.

रमाकांत_भ
मी दोन वेळा उपसरपंच होतो. ग्रामपंचायतीचं सांगतो.

आमच्याकडे वित्त आयोगाचा निधी येतो. पंधराव्या वित्त आयोगात ६० टक्के बंधित, ४० टक्के अबंधित. बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा. चांगला हेतू आहे. पण आमच्या गावात पाण्याची योजना आधीच झालेली, गटारं झालेली. आम्हाला हवी होती स्मशानभूमीकडे जाणारी वाट, कारण पावसाळ्यात तिरडी गुडघाभर चिखलातून न्यावी लागते. बंधितमध्ये पैसा पडून, अबंधितमध्ये पुरेना. शेवटी आमदारांकडे गेलो. आमदार निधीतून वाट झाली, फलक लागला, उद्घाटन झालं. गावाने स्वतःच्या हक्काच्या पैशाने करायचं काम उपकार म्हणून झालं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं होतं.

दुसरं सांगतो. सरपंच जनतेतून की सदस्यांतून? २०१७ मध्ये जनतेतून. २०२० मध्ये ते रद्द, सदस्यांतून. २०२२ मध्ये परत जनतेतून. नगराध्यक्षांचंही तसंच. कोणती पद्धत चांगली यावर मला वाद घालायचा नाही. पण गावचा कारभारी कसा निवडायचा हे मुंबईत कोण खुर्चीवर आहे त्यावर ठरावं का?

हिरवा_चाफा
तिरडीचं वाचून गलबललं.

फडताळ
थोडं विषयांतर. १८८२ साली लॉर्ड रिपनने ठराव केला तेव्हा त्याने स्पष्ट म्हटलं होतं की कारभार सुधारावा हा पहिला हेतू नाही, लोकांना राजकीय शिक्षण मिळावं हा आहे. आणि ते शिक्षण आपल्याकडे खरंच झालं. महात्मा फुले १८७६ पासून पुणे नगरपालिकेचे सदस्य होते, लॉर्ड लिटनच्या स्वागतावर नगरपालिकेचा पैसा उधळण्याला त्यांनी विरोध केला. गोपाळ कृष्ण गोखले पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष होते. फिरोजशहा मेहतांनी मुंबई महापालिका गाजवली. मुंबईचा १८८८ चा कायदा आजही चालू आहे! आणि त्यातला महापौर सभा चालवणारा आणि आयुक्त सरकारने नेमलेला, कारभार त्याच्या हातात, हा साचाही चालू आहे. तो साचा इंग्रजांनी केला कारण त्यांना एतद्देशीयांवर विश्वास नव्हता. आपण तो का ठेवला हा प्रश्न मला नेहमी पडतो.

कृष्णाकाठ_१
@फडताळ हे विषयांतर नाही, हाच विषय आहे.

संघमित्रा
एवढा वेळ वाचत होते. आता लिहायलाच हवं.

मी राखीव जागेवरून ग्रामपंचायत सदस्य होते. इथे सगळे 'गाव' म्हणताय तेव्हा गावात एकच मन असल्यासारखं बोलताय. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्यांबद्दल काय म्हटलं ते आठवा. खेडं हा राज्यघटनेचा पाया करायला त्यांनी नकार दिला, व्यक्तीला पाया केलं. ते उगाच नाही.

माझ्या पहिल्या मासिक सभेला मला खुर्ची नव्हती. आमच्या वस्तीच्या पाण्याच्या टाकीचा विषय तीन सभांमध्ये 'पुढील सभेत घ्यावा' असा पुढे ढकलला. बहुमत त्यांचं. गावाची स्वायत्तता म्हणून सोडून दिलं असतं तर टाकी आजही नसती. मी गटविकास अधिकाऱ्यांना लेखी दिलं, मग जिल्हा परिषदेत गेले. वस्तीसाठीचा निधी वस्तीवरच खर्च झाला पाहिजे हा राज्याचा नियम होता, म्हणून टाकी झाली. मला वाचवलं ते राज्याने.

आणि राखीव जागा नसत्या तर मी त्या सभेत पोहोचलेच नसते. त्या जागा गावाने स्वतःहून दिल्या नाहीत, घटनेने दिल्या. महिलांच्या ३३ टक्क्यांचे ५० टक्के झाले २०११ मध्ये, तेही राज्याच्या कायद्याने.

अनुराधा_स
संघमित्राताई, तुमच्या प्रतिसादाने चर्चेची दिशा बदलली. धन्यवाद.

लेखापाल_निवृत्त
संघमित्रा यांनी माझ्यापेक्षा चांगलं मांडलं.

सुमेध_वाट
ताई, मी हा भाग पुरेसा विचारात घेतला नव्हता हे कबूल करतो. एक विचारतो. तुम्हाला कोणत्या नियंत्रणाचा उपयोग झाला? ठराव थांबवण्याच्या अधिकाराचा, की 'एवढं केलंच पाहिजे' या नियमाचा?

संघमित्रा
दुसऱ्याचा. थांबवण्याच्या अधिकाराचा मला त्रासच झाला. आमच्या गटाच्या सरपंचबाई झाल्या तेव्हा त्यांच्यावर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ३९(१) खाली पदावरून काढायचा अर्ज झाला. ग्रामसभेची एक नोंद उशिरा लिहिली, एवढंच. दोन वर्षं त्या सुनावण्यांना एसटीने जात होत्या. शेवटी काही सिद्ध झालं नाही, पण मुदत त्यात गेली.

म्हणजे माझं म्हणणं नीट सांगते. हक्काची खालची रेघ राज्याने आणि घटनेने आखावी, ती कोणत्याही बहुमताला ओलांडता येऊ नये. त्या रेघेच्या वर गावाला काय करायचं ते करू द्या. आज उलटं आहे. खालची रेघ पुसट आहे आणि वरच्या प्रत्येक गोष्टीला परवानगी लागते.

फडताळ
हा प्रतिसाद जपून ठेवावा असा आहे.

दक्षिणवारा
मी नोकरीनिमित्त सात वर्षं केरळात होतो. तिथे ऑगस्ट १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजनाखर्चाचा ३५ ते ४० टक्के हिस्सा स्थानिक संस्थांना द्यायचा ठरलं. महत्त्वाचं असं की त्यांनी आधी पैसा दिला. क्षमता येईल मग देऊ, असं म्हणत बसले नाहीत. चुका झाल्या, काही पंचायतींनी नुसत्या सिमेंटच्या कामांवर पैसा घातला. पण पाचेक वर्षांत लोक शिकले. मी राहायचो तिथल्या ग्रामसभेत बायका अंदाजपत्रकाचा कागद हातात घेऊन प्रश्न विचारायच्या.

सुमेध, तुमच्या ३०८ बद्दल. केरळात पंचायतीचा ठराव रद्द करायचा तर सरकारला आधी लोकपाल किंवा न्यायाधिकरणाकडे जावं लागतं. मंत्र्याने सही केली आणि ठराव गेला, असं नाही. अनुराधाताई म्हणाल्या तो खेळाडू-न्यायाधीशाचा प्रश्न तिथे बऱ्याच अंशी सुटलाय.

विनय_खरे
ही तर साधी दुरुस्ती आहे. आपल्याकडे का नाही?

नकाशावाला
मी नगररचनेत काम करतो, खासगी. शहरांची गोष्ट सांगतो, कारण पैशाइतकीच जमीन महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल इथे कोणी बोललं नाही.

विकास आराखडा महापालिका तयार करते, हरकती-सूचना घेते, सभागृह मंजूर करतं. पण अंतिम मंजुरी राज्याची. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याप्रमाणे राज्य त्यात बदल करू शकतं, नंतर कलम ३७ खाली फेरबदल, कलम १५४ खाली थेट निर्देश. शाळेसाठी राखीव जागा निवासी झाली तर नगरसेवकाला वर्तमानपत्रातून कळतं. कलम ४० खाली शहराच्या पोटातच विशेष नियोजन प्राधिकरण नेमता येतं, तिथे सभागृहाचा शब्दच चालत नाही.

मुंबईचा विचार करा. एकाच शहरात महापालिका, एमएमआरडीए (महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, एमएसआरडीसी (राज्य रस्ते विकास महामंडळ), आणि बंदराची, रेल्वेची जमीन वेगळी. रस्त्याला खड्डा पडला की तो कोणाचा हे शोधण्यातच आठवडा जातो, आणि शिव्या खातो स्थानिक नगरसेवक. घटनेच्या २४३यङ मध्ये महानगर नियोजन समिती सांगितली आहे, तिचे निदान दोन तृतीयांश सदस्य स्थानिक संस्थांमधून निवडलेले असावेत अशी अट आहे. ती समिती कागदावर असते, काम प्राधिकरण करतं.

रमाकांत_भ
जिल्हा नियोजन समितीचंही हेच. चार पंचमांश सदस्य निवडून आलेले, पण अध्यक्ष पालकमंत्री. बैठक म्हणजे मंत्र्यांचं भाषण आणि 'मंजूर, मंजूर'.

हिरवा_चाफा
मग कर? करांचं कोणी बोला.

लेखापाल_निवृत्त
करांवर मी बोलतो, आणि इथे मी सुमेध यांच्या बाजूला आहे.

जकात वाईट कर होता, नाक्यावर ट्रक तासन्‌तास उभे असायचे, भ्रष्टाचार होता. पण तो शहराचा स्वतःचा पैसा होता आणि रोज यायचा. त्याऐवजी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. तो १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीवर रद्द झाला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा मुंबईची जकातही गेली. आता महिन्याला राज्याकडून भरपाई येते. कायद्याने येते, हे मान्य. पण रोज आपल्या गल्ल्यात पडणारा पैसा आणि दर महिन्याला दुसऱ्याकडून येणारा पैसा यांत स्वभावाचा फरक पडतो. माणूस असो की संस्था, वाट बघणारा हळूहळू वाकतो.

आणि सूट देणं बघा. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता करातून सूट, हा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने घेतला. गरीब कुटुंबांना दिलासा मिळाला, ते चांगलंच. पण तिजोरी महापालिकेची. वाहवा एकाला आणि खड्डा दुसऱ्याला, हा हिशेब कोणत्याही लेखापालाला पटणार नाही.

मृण्मयी_टोरोंटो
काका, जर्मनीत यावर एक तत्त्व आहे. तिथल्या राज्यांच्या स्वतःच्या घटनांमध्ये लिहिलंय की राज्याने नगरपालिकेवर नवं काम लादलं तर त्याचा खर्चही राज्यानेच द्यायचा. हुकूम ज्याचा, पैसा त्याचा. आणि देशाच्या मूलभूत कायद्याच्या अनुच्छेद २८ मध्ये स्थानिक कारभार स्वतःच्या जबाबदारीवर चालवण्याचा नगरपालिकांचा हक्क थेट नोंदवलाय. ब्राझीलने तर १९८८ च्या घटनेत नगरपालिकांना संघराज्याचे घटकच मानलं.

लेखापाल_निवृत्त
'हुकूम ज्याचा, पैसा त्याचा' हे मला मान्य. सही करतो.

विनय_खरे
प्रशासक बरा, असं वर कृष्णाकाठ यांनी लिहिलं होतं. त्यांना अमेरिकेतल्या फ्लिंटची आठवण करून द्यावीशी वाटते. मिशिगन राज्याने कर्जबाजारी फ्लिंट शहरावर २०११ पासून आपत्कालीन व्यवस्थापक बसवले, निवडून आलेल्यांचे अधिकार काढून. खर्च वाचवायला एप्रिल २०१४ मध्ये शहराचं पाणी नदीवरून घ्यायला सुरुवात झाली. गंजरोधक प्रक्रिया न केल्यामुळे जुन्या नळांतलं शिसं पाण्यात उतरलं, मुलांच्या रक्तात गेलं. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभेत यायचे, पण निर्णय घेणाऱ्याला त्यांच्या मताची गरजच नव्हती. ऑक्टोबर २०१५ मध्ये जुना स्रोत परत सुरू झाला.

कृष्णाकाठ_१
हे माहीत नव्हतं. पण माझं म्हणणं कचरागाडीपुरतं होतं हो. आणि तेही मागे घेतो, कारण आमचे प्रशासक बदलले तेव्हा गाडीची वेळही बदलली, आणि विचारायला कोणाकडे जायचं तेच समजेना. नगरसेवकाच्या दारात निदान भांडता येतं.

वैनगंगा
गडचिरोलीचा उल्लेख अजून आला नाही म्हणून लिहिते. मेंढा-लेखा. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला, आणि गावाने स्वतःचा बांबू स्वतः विकला. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर पुन्हा बसतात. संघमित्राताईंनी जी भीती सांगितली तिच्यावरचा एक उपाय यात दिसतो. सगळीकडे जमेल असं मी म्हणत नाही, गाव लहान आहे आणि वर्षानुवर्षांचा अभ्यासगट आहे. पण परवाना हातात आल्याशिवाय हा अभ्यास पैशात उतरला नसता.

आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ चा, महाराष्ट्राचे नियम २०१४ चे. मधली अठरा वर्षं मोजा.

संघमित्रा
वैनगंगा, आदिवासी गावात ते शक्य होतं कारण जमीन आणि जात यांची उतरंड तशी नसते. आमच्या गावात सर्वसहमती म्हणजे आम्ही गप्प बसणं. पण बांबूचं उदाहरण पटलं. पैसा हातात असलेली सभा वेगळीच बोलते.

नकाशावाला
सुमेध, मूळ प्रश्नाकडे येतो. मला विचाराल तर राज्याकडे तीन कामं असावीत: हक्कांची किमान रेघ, दोन गावांमधला प्रश्न म्हणजे नदी, रस्ता, प्रदूषण, आणि स्वतंत्र लेखापरीक्षण. पदभरतीचा आकृतिबंध, इमारतीचा वापर, अभ्यासिका, बागेचं नाव यात त्याचं काम नाही.

अनुराधा_स
मी चौथं घालते: वेळेवर निवडणूक, आणि प्रभागरचना राज्य सरकारऐवजी निवडणूक आयोगाकडे.

रमाकांत_भ
आणि गावाने चूक केली तर ती गावाने निस्तरावी. आम्ही लहान नाही.

सुमेध_वाट
सगळ्यांचे आभार. एक बातमी द्यायची होती, म्हणून थांबलो होतो. २ डिसेंबरला आमच्याकडे मतदान झालं, नवं सभागृह आलं. पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर अभ्यासिका आहे, विषय क्रमांक सात. नवीन नगरसेवकांपैकी दोघं त्या एसटी स्टँडच्या दिव्याखाली वाचलेली मुलं आहेत. पण तक्रार करणाराही गावातच आहे, आणि ३०८ ही आहे.

लेखापाल_निवृत्त
मग आता ठराव असा लिहून घ्या की स्थगिती द्यायला जागाच राहणार नाही. सभेच्या आधी चार गोष्टी जमवा. इमारतीची मिळकत पत्रिका आणि नगरपरिषदेच्या मालमत्ता नोंदवहीतला उतारा. अंदाजपत्रकातलं लेखाशीर्ष आणि तिथली शिल्लक तरतूद, मुख्याधिकाऱ्यांच्या लेखी अभिप्रायासह. अभियंत्याचा खर्चाचा अंदाज. आणि अधिनियमाच्या कलम ४९ मधलं, अभ्यासिका ज्या कर्तव्याखाली बसते ते पोटकलम, ठरावाच्या पहिल्या ओळीत. हात वर करून मंजूर केलं एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक सदस्याचं नाव आणि मत इतिवृत्तात घ्या, सूचक-अनुमोदकांच्या सह्या त्याच दिवशी. जागा राखीव वर्गातल्या मुलामुलींना आणि मुलींना किती, तेही ठरावातच लिहा, संघमित्रांची रेघ म्हणून.

मसुदा इथे टाका. मी तपासून देतो.

सुमेध_वाट
काका, आज रात्रीच टाकतो. मिळकत पत्रिकेसाठी उद्या भूमी अभिलेखला जातोय.

संघमित्रा
मुलींसाठी स्वच्छतागृहाचा खर्च त्याच अंदाजात धरा. नंतर वेगळा ठराव होत नाही.